सत्तावीस नंबरची पावलं

गठ्ठा वाढत होता, यात वाद नव्हता. थोरलीने तयार केलेला तक्ता भिंतीवर लावला होता. दीर्घ थकव्याच्या आजारावरचे शोधनिबंध वर्षाला किती छापून येतात, त्याचे उभे खांब त्यात होते. पहिल्या वर्षाचा खांब अंगठ्याएवढा, शेवटच्या वर्षाचा कोपरापासूनच्या हाताएवढा. त्याच तक्त्यावर एक लाल रेघही होती, ती निबंधांच्या दर्जाची. ती बिचारी पहिल्या वर्षी जिथे होती तिथेच आडवी पडून होती. मधे दोन-तीन वर्षं जराशी मान वर करून पुन्हा निजली होती.

"वजन वाढतंय, तब्येत नाही," चाळणीसर म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन चष्मा पुसायला लागले.

चाळणीसर हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. संशोधन चाळता चाळता उभं आयुष्य गेलेला माणूस. त्यांच्या हाताखालून शंभर निबंध गेले तर पंचाण्णव कोंडा म्हणून बाजूला पडत, आणि उरलेल्या पाचांकडेही ते संशयाने बघत. थोरली त्यांची जोडीदार. काम असं की, आलेला प्रत्येक निबंध दोघांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून वाचायचा आणि त्याला वीस ठरलेले प्रश्न विचारायचे. माणसं पुरेशी घेतली होती का? कुणाला कुठला उपचार द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं का? मधेच सोडून गेलेल्यांचं काय झालं ते सांगितलंय का? प्रत्येक प्रश्नाला एक गुण. गुण देऊन होईपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नाही. मग समोरासमोर बसून ताडून बघायचं. संस्थेचा अहवाल या गुणांवर उभा राहायचा, आणि त्या अहवालावरून गावोगावच्या दवाखान्यांतले डॉक्टर या पेशंटांना काय सांगायचं ते ठरवायचे.

दोनशे चौदा निबंध वाचून झाले होते. बहुतेकांत तीच रड. बारा-पंधरा माणसं घेतलेली, तीही ओळखीपाळखीतली. कुणी सहा महिने थकलेल्याला आजारी धरलेलं, कुणी सहा आठवडे. आणि सगळ्यांची गाडी शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबलेली, की तुम्हाला पूर्वीपेक्षा बरं वाटतंय का? इथे चाळणीसरांचं डोकं फिरायचं. "ज्या माणसाने तीन महिने गोड बोलून तुमची विचारपूस केली, त्याच्या तोंडावर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेल? मी तरी म्हणेन का? मीसुद्धा म्हणेन, हो हो, फार बरं वाटतंय!"

म्हणून एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा निबंध आला तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. या लोकांनी कुणाला काही विचारलंच नव्हतं, मोजलं होतं. चाळीस पेशंट घेतले. वीस जणांना रोज थोडं थोडं चालणं वाढवायला सांगितलं, वीस जणांना नेहमीचा सल्ला दिला. सगळ्यांच्या घोट्याला पावलं मोजणारा पट्टा बांधला. पट्ट्यावर आकडा दिसायची सोय नव्हती, नोंद आत बंद, ती दवाखान्यातच उघडायची. बारा आठवड्यांनंतर चालणाऱ्या गटाची रोजची पावलं सरासरी पाचशे त्र्याऐंशीने वाढली होती, दुसऱ्या गटाची दोनशे साठने. थोरलीने वीसपैकी एकोणीस गुण दिले. एक गुण कापला तो एवढ्यासाठी की, बारा आठवड्यांनंतर त्या माणसांचं पुढे काय झालं हे कुणी बघितलं नव्हतं. गुण ताडायला बसले तेव्हा चाळणीसरांचा आकडा निघाला अठरा. चाळणीसरांनी आजवर कुणाला पंधराच्या वर जाऊ दिलं नव्हतं. खोलीत नोंदी ठेवणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"चला, शेवटी ठामपणे सांगण्यासारखं काहीतरी मिळालं," संस्थेच्या प्रमुख म्हणाल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. "शुक्रवारी तीनला बैठक. शिफारस तयार ठेवा. रोज चालणं वाढवावं, असं स्वच्छ शब्दांत."

थोरलीने मान डोलावली. ही चाचणी तिच्या ओळखीची होती. तिची धाकटी बहीण या चाळीसांपैकी एक होती. हे तिने लपवलं नव्हतं. निबंध हाती आला त्याच दिवशी मॅडमना सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "निबंधात नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. तू गुण देताना बहिणीला समोर बसवणार नाहीस, एवढं पुरे." आणि थोरलीने तसं केलंही होतं. बहिणीला बाजूला ठेवायची तिला एव्हाना सवय झाली होती, असं म्हटलं तर तिला राग आला असता, पण ते खरं होतं.

धाकटी नकाशे काढायच्या कचेरीत होती. सहा वर्षांपूर्वी एक साधा ताप आला, आठवड्याने गेला, आणि जाताना तिला घेऊन गेला म्हणायचं. उरली ती दोन जिने चढून आली की तीन दिवस अंथरुणाला खिळणारी, दिव्याचा उजेड डोळ्यांना न सोसणारी बाई. रक्त तपासलं, मेंदूचे फोटो काढले, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरने लग्नाचं विचारलं, दुसऱ्याने छंद लावून घ्या म्हणून सांगितलं. तिच्या डोक्यातही धुकं भरलेलं असायचं. शब्द सापडायचे नाहीत, जेवण झालं की नाही ते आठवायचं नाही. एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला आणि तिघी पोट धरधरून हसल्या होत्या. तेव्हा हसू यायचं अजून.

घरात त्या तिघीच. आईच्या पायाला भिंगरी. पहाटे पाचला तिचा दिवस सुरू व्हायचा आणि शेजारपाजारची कामंसुद्धा ती ओढवून घ्यायची. चाचणी चालू होती त्या वर्षी थोरली दुसऱ्या शहरात नोकरीला होती, महिन्यातून एकदा यायची. चाचणीचं कळल्यावर तिनेच फोनवर आग्रह धरला होता. पट्ट्याच्या खोक्यावरचा सत्तावीस नंबर आईने कौतुकाने वाचून दाखवला होता, जणू परीक्षेचा नंबर.

सहाव्या आठवड्यात दवाखान्यातून येऊन धाकटीने तिला फोन केला होता. तिला फोनवर बोलणंही जड जायचं, तरी केला.

"ताई, ते म्हणतात मी रोज सात हजार पावलं चालते. आधी सोळाशे होती म्हणे. मी नाही गं चालले."

"पट्ट्यात नोंद आहे ना?"

"आहे. त्यांनी आलेख दाखवला. म्हणाले, तुम्हाला जमतंय, जमत नाही असं वाटणं हाच तुमचा आजार."

आणि थोरली, जिचा धंदाच आकड्यांचा, ती म्हणाली होती, "आकडे कशाला खोटं बोलतील? तुझ्याच लक्षात राहत नाही हल्ली. चांगली बातमी आहे, रडतेस काय?"

त्यानंतर काही आठवड्यांनी धाकटी घरातल्या बोळात येरझाऱ्या घालायला लागली, भिंतीला धरून, दात ओठ खाऊन. आई तिला बस बस म्हणायची, ती ऐकायची नाही. असं काय डोक्यात घेतलंय हे कुणाला कळेना. चाचणी बाराव्या आठवड्यात संपली, धाकटी तेराव्यात पडली. त्याला आता चौदा महिने झाले. थोरली नोकरी बदलून घरी परतली ती त्यामुळेच. आता धाकटीला अंथरुणावर उठवून बसवायलाही दोघी लागत. दिवसातून एक तास, सकाळी अकराच्या सुमारास, ती नीट बोलू शकायची.

चाळणीसर मात्र चाळणीसरच. "अठरा दिले म्हणजे डोळे मिटून दिले असं नाही," असं म्हणत त्यांनी निबंधाच्या लेखकांना पत्र लिहून पट्ट्यांच्या मूळ नोंदी मागवल्या होत्या. प्रत्येक माणसाची, प्रत्येक तासाची पावलं. लोक भले होते, बुधवारी दुपारी फाइल आली. सर दुसऱ्या कामात गुंतले होते. "तू बघून घे," ते म्हणाले, "आणि काही खोट सापडली नाही तर सांग, मी दुःख करत बसेन."

थोरलीने चालणाऱ्या गटाचे आलेख एकाखाली एक लावले. वीसांतले दोघे मधेच सोडून गेलेले, उरले अठरा. सतरा रेघा एकमेकींच्या अंगाला अंग लावून जमिनीलगत चाललेल्या. अठरावी पाचव्या आठवड्यात जी उठली ती थेट वर गेली. नंबर बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितला. तो सत्तावीस होता.

आधी तिला अभिमानच वाटला, असं म्हणायला हवं. बघा, सगळ्यांत जास्त आमची! मग तिने तासातासाची नोंद उघडली.

पावलं सुरू होत होती पहाटे पाचला. धाकटी दहाच्या आत डोळे उघडत नाही. आजारी पडल्यापासून एकदाही नाही. पाच ते सहा, नऊशे. सहा ते सात, अकराशे. बुधवारी आठ ते नऊमध्ये एकदम उसळी, आणि दर बुधवारी तीच उसळी. बुधवारी आई बाजारात जाते. दहा वाजले की सगळं थंड. दहापासून संध्याकाळी सातपर्यंत तासाला दहा पावलं, पंधरा पावलं, शून्य, शून्य. सातनंतर पुन्हा सुरू, दहापर्यंत. सातला धाकटी झोपते.

थोरलीने आठव्या आठवड्यातला मंगळवार शोधला. त्या दिवशी आई तापाने पडून होती. थोरली रजा टाकून आली होती, म्हणून तारीख पक्की ठाऊक. त्या दिवशी पहाटे पाच ते दहा: शून्य. संध्याकाळी: शून्य. मधे धाकटीची एकशे बारा पावलं.

तिला आईचा अख्खा दिवस समोर दिसत होता. केर काढणारी, जिना उतरून दूध आणणारी, शेजारणीकडे डोकावून येणारी आई, तासातासाने, आकड्यांत. आणि त्या दिवसाच्या मधोमध, त्या थंड पट्टीत, धाकटी होती. शेवटच्या दोन आठवड्यांत तिथेही काहीतरी हललं होतं. तासाला चाळीस. मग साठ. मग नव्वद. ती बोळातली पावलं. तेवढीच काय ती खरी होती, आणि त्यांनीच तिला पाडलं होतं.

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. आई ओट्याशी भाजी चिरत होती. थोरलीने दार लोटून घेतलं.

"आई, तो पट्टा तू घालत होतीस."

सुरी थांबली. आईने नाही म्हटलं नाही. विचारलं, "कोण म्हणालं?"

"पट्टाच म्हणाला. पहाटे पाचला कोण उठतं आपल्या घरात?"

आईने भाजीचे तुकडे एका बाजूला सारले, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला सारले. "त्यांनी कागद दिला होता बघ. दोन आठवडे लागोपाठ पावलं कमी भरली तर नाव काढून टाकणार म्हणून. तिची कुठून भरणार? पहिले चार आठवडे कशीबशी गेली, मग ती आडवीच झाली. इतक्या वर्षांनी एक डॉक्टर मिळाला होता जो तिच्या तोंडाकडे बघून बोलायचा. तोही गेला असता हातचा. म्हटलं, एक आठवडा आपण ढकलू, पुढच्या आठवड्यात तिला बरं वाटेल, मग तिचं ती चालेल. ती झोपली की काढून घ्यायचे, उठायच्या आत परत बांधायचे. मोज्याखाली कळत नाही."

"एक आठवडा नाही, आई. आठ."

"मग थांबवता येईना. एकदम खाली आलं असतं ना! विचारलं असतं त्यांनी." आई खाली बसली. "मला काय ठाऊक ते पुस्तकात छापतात म्हणून. मला वाटलं, आपल्यापुरतं आहे."

थोरलीला ओरडायचं होतं. दुपारपासून, बसमध्ये, जिन्यात, ती मनातल्या मनात ओरडतच आली होती. पण समोर बसलेली बाई इतकी लहान दिसायला लागली होती की थोरलीही तिच्यासमोर खाली बसली. शिवाय आईला फैलावर घ्यायचं तर स्वतःला कुठे ठेवायचं? आईने पट्टा घातला होता. आकडे खोटं बोलत नाहीत हे तर थोरलीने स्वतः सांगितलं होतं.

"तिला सांगू नकोस," आई म्हणाली. "हवं तर तुझ्या हापिसात सांग, मला तुरुंगात घाला. पण तिला नको गं."

गुरुवारी तिने चाळणीसरांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकताच त्यांनी फाइल स्वतःकडे ओढून घेतली. मग त्यांनी सत्तावीस नंबर वगळून सरासरी पुन्हा काढली. चालणाऱ्या गटाची वाढ पाचशे त्र्याऐंशीवरून तीनशेवर आली. दुसऱ्या गटाची दोनशे साठ होतीच.

"चाळीस पावलांचा फरक," सर म्हणाले. "या खोलीतून पाणी प्यायला जाऊन यायचं म्हटलं तरी याहून जास्त होतात." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "वीस प्रश्न विचारतो आपण. वीस! पट्टा कुणाच्या पायात होता, हा प्रश्न आपल्या यादीत नाही. आणि मी अठरा दिले."

मॅडमनी ऐकून घेतलं. त्या कठोर नव्हत्या, पण त्यांच्या खुर्चीला नियम चिकटलेले होते. "एक माणूस गाळायचा तर कारण लागतं. तुझ्या आईचं वेळापत्रक हे कारण होत नाही. उद्या कुणीही उठेल आणि नको तो आकडा घरगुती गोष्ट सांगून काढायला लावेल. त्या सहभागी बाईचं लेखी निवेदन आण, सहीचं. ती पावलं माझी नाहीत, एवढं तिने लिहून दिलं तर मी शिफारस थांबवते आणि त्या लेखकांनाही कळवते. नाही आलं, तर शुक्रवारी आहे ती शिफारस जाईल."

"आईचं निवेदन चालणार नाही?"

"आई चाचणीत नव्हती."

बाहेर आल्यावर चाळणीसर म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं ते विचारू नकोस. मला माहीत नाही." मग दोन पावलं पुढे जाऊन परत आले. "दवाखान्यात किती जणींना चालायला लावतील, त्याचा आकडा मात्र मला सांगता येईल. पण तोही विचारू नकोस."

तिने विचारला नाही. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत ती जराशी उभी राहिली. त्या खांबांत कोण कोण उभं होतं, कुणास ठाऊक. किती आयांनी, किती नवऱ्यांनी, किती आजाऱ्यांनी डॉक्टरांचं मन राखायला काय काय केलं असेल, आणि त्याचे निबंध झाले असतील.

शुक्रवारी तिने सकाळची रजा टाकली. थोरली आज सांगणार, हे आईला कळलं होतं. पहाटेपासून तिचा केर दोनदा काढून झाला होता. अकराला थोरली धाकटीच्या खोलीत गेली. पडदे ओढलेले, फटीतून येणारी उजेडाची एक रेघ पायथ्याशी पडलेली. तिने बहिणीच्या डोक्याखाली आणखी दोन उशा सरकवल्या, कागद मांडीवर पालथा ठेवला आणि सांगून टाकलं. गुळमुळीत बोलली असती तर धाकटीची तेवढी ताकदच संपली असती, म्हणून सरळ सांगितलं. पट्टा आई घालत होती. सात हजार पावलं आईची होती. तुझी दीडशे-दोनशे होती.

धाकटी उजेडाच्या त्या रेघेकडे बघत होती. थोरलीला वाटलं, तिला कळलंच नाही की काय.

"म्हणजे मी चालत नव्हते," धाकटी म्हणाली.

"नाही."

"मला वाटायचं, मी चालते आणि विसरते." तिचा आवाज कागदासारखा पातळ होता. "ताई, मला भीती वाटायची. आपण काय करतो ते आपल्यालाच कळत नाही म्हणजे काय? मी वहीत खुणा करायला लागले. उठले की खूण, मोरीपर्यंत गेले की खूण. संध्याकाळी मोजायचे तर पंधरा-वीस खुणा. मग म्हणायचे, खुणा करायलाही विसरत असेन." तिने श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. "आईला विचारायचे. आई, आज मी चालले का गं? आई म्हणायची, चाललीस की. मग मी म्हटलं, नकळत सात हजार होतात तर कळून का होऊ नयेत? म्हणून बोळात..."

थोरलीने तिचा हात धरला. "मीही म्हणाले होते ना, आकडे खोटं बोलत नाहीत म्हणून. मी तुझं ऐकायला हवं होतं. तू सांगत होतीस."

"हो," धाकटी म्हणाली. "मी सांगत होते."

तिने बरं म्हटलं नाही, असू दे म्हटलं नाही. मग धाकटी म्हणाली, "आईला बोलव. बाहेरच उभी असेल."

आई बाहेरच उभी होती. ती आत आली आणि दाराशीच थांबली, परक्याच्या घरात आल्यासारखी.

"मला थांबवलं का नाहीस?" धाकटीने विचारलं.

"थांबवत होते गं. रोज सांगत होते, बस म्हणून, पुरे म्हणून."

"सांगून टाकून थांबवायचं होतंस."

आई पदराआड, हाताआड, कशाआडही तोंड लपवून रडली नाही. नुसती उभी राहिली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

"कागद दे," धाकटी थोरलीला म्हणाली.

थोरलीने पुठ्ठ्यावर कागद लावून पुढे धरला. दोन ओळी होत्या. धाकटीने त्या बोट ठेवून वाचल्या, मग एकदा पुन्हा वाचल्या. सही करताना हात मधेच गळाला. थोरलीने तिच्या कोपराखाली उशी सरकवली आणि राहिलेली अर्धी सही झाली. पूर्वी ती नकाशांवर बारीक अक्षरांत नद्यांची नावं लिहायची.

सहीखाली तारखेची जागा होती. धाकटीने पेन तिथे टेकवलं आणि थांबली. कपाळाला आठी पडली. तिला आठवत नव्हतं, हे दोघींनाही कळलं. अशा वेळी नेहमी जे व्हायचं तेच झालं. आईने दारातूनच, हळू आवाजात, तारीख सांगितली. वार सांगावा, वेळ सांगावी, औषध घेतलं की नाही ते सांगावं, तशीच.

धाकटीने पेन उचललं नाही, लिहिलंही नाही. तिने आईकडे बघितलं, आणि मग मान वळवून थोरलीकडे.

"ताई, आज हीच तारीख आहे ना?"

"हो," थोरली म्हणाली. "हीच आहे."

मग तिने ती लिहिली.